खडू नावाचं बुजगावणं

"हा खडू कोण?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच राहिला. बायकोच्या हातात त्यांचा ऑफिसचा फोन होता. कामाचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा नाही, हा नियम घरात त्यांनीच घातला होता आणि आदल्या दिवशी त्यांनीच तो मोडला होता.

"कोण खडू?"

"ते मी विचारतेय. सकाळपासून फोन नुसता किणकिणतोय. वाढदिवस दिसतोय त्याचा. 'खडू, असशील तिथे सुखात राहा.' 'खडू, तुझ्याशिवाय वर्गाला मजा नव्हती रे.' आणि एकीने बदाम पाठवलाय, लाल."

"अगं, खडू म्हणजे कोणीच नाही."

"कोणीच नाही, तर त्याला बदाम कशाला येतोय?"

आता याचं उत्तर द्यायचं तर पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. तपास विभागात आयुष्य घालवून ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांना नव्या तपासनिसांना शिकवायला बसवलं आणि सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणू लागलं. विषय होता उघड्यावरच्या माहितीचा तपास. कुणाच्या घरात शिरायचं नाही, कुणाला फसवायचं नाही, कुणाच्या कुलपाला हात लावायचा नाही. लोकांनी आपणहून जे चव्हाट्यावर मांडून ठेवलंय तेवढंच वाचायचं, पण डोळे उघडे ठेवून वाचायचं. फोटोतल्या सावलीवरून वेळ काढायची, पाठीमागच्या पाटीवरून रस्ता काढायचा. मी अंथरुणाला खिळलोय असं कोर्टात सांगणारा माणूस एखाद्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाला पाच चांदण्या देऊन आलेला असतो. त्या चांदण्या शोधायच्या.

प्रत्येक तुकडीची शेवटची परीक्षा एकच असे. मास्तर इंटरनेटवर एक खोटा माणूस उभा करत आणि पोरांनी शोधून काढायचं, की हा कोण, कुठला, खरा की बनावट. ऑफिसच्या भाषेत त्याला बुजगावणं म्हणत. बुजगावण्याचे नियम दोन. पहिला, त्याला खरं नाव द्यायचं नाही, कारण त्या नावाचा कोणी जिवंत माणूस कुठेतरी असायचा आणि नसती आफत त्याच्या गळ्यात पडायची. म्हणून फक्त टोपणनाव. दुसरा नियम, बुजगावणं जिवंत माणसांशी बोलत नाही. या दुसऱ्या नियमापायी मास्तरांनी मागच्या वर्षी एका हुशार पोराला नापास केलं होतं. त्याने सरावासाठी सोपवलेल्या बुजगावण्याच्या खात्यावरून एका केक विकणाऱ्या बाईंना नुसतं 'छान' म्हटलं होतं.

पण मागच्या तुकडीने बुजगावणं चहाच्या सुट्टीतच ओळखलं होतं. "सर, याला बालपणच नाही," एक पोरगी म्हणाली होती. "माणूस चाळिशीचा झालाय आणि त्याला शाळेतलं काहीच आठवत नाही, असं कुठे असतं?" ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं. या खेपेला त्यांनी ठरवलं, बालपण द्यायचं आणि चांगलं भरघोस द्यायचं. पण बालपण काय बाजारात मिळतं? जवळ होतं ते एकच. स्वतःचं.

त्यांनी नाव ठेवलं खडू. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ते खडूच्या खात्यावर एक आठवण लिहीत. शाळेच्या मागच्या नळाला आधी लाथ घालावी लागे, मग तो खोकायचा आणि मगच पाणी यायचं. वर्गाचं छप्पर पत्र्याचं, त्यामुळे उन्हाळ्यात पत्रा तडतडायचा आणि शिक्षक काय म्हणतात ते पुढच्या बाकापलीकडे जायचं नाही. भूगोलाच्या नकाशावर सगळ्यात मोठ्या बेटाला कुणीतरी मिशा काढल्या होत्या आणि त्या वर्षभर कुणाला पुसता आल्या नाहीत. लिहिता लिहिता मास्तर वाहवत गेले. परीक्षेला चार आठवणी पुरल्या असत्या, त्यांनी पंचवीस लिहिल्या. शाळेचं नाव तेवढं लिहिलं नाही, कारण तेच तर पोरांनी शोधायचं होतं.

पोरांच्या आधी शाळेने खडूला शोधलं.

मास्तरांच्या वर्गाचा मॉनिटर अजून मॉनिटरच होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने जुन्या वर्गाचा गट काढला होता आणि रोज हजेरी घेतल्यासारखा तो चालवत होता. कुठून तरी त्याला त्या लाथ मारायच्या नळाचा मजकूर सापडला. त्याने खाली लिहिलं, "अरे, ही तर आपली शाळा. खडू, लेका, कुठे होतास इतकी वर्षं?"

झालं. एकाने ओळखल्यावर दुसऱ्याने मागे राहणं बरं दिसत नाही. जो शाळेत सगळ्यांचे डबे खायचा आणि आता दातांचा डॉक्टर आहे, तो डबा म्हणाला, "खडू खायचा हा, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी डबे खायचो आणि हा खडू." भोंगा म्हणून एक होता, आवाज मोठा म्हणून भोंगा. त्याने सांगितलं की खडू इतका गोरा होता की फळ्यासमोर उभा राहिला की धडा दिसायचा नाही. दोन बहिणी एकाच वर्गात होत्या, त्यातल्या धाकटीला अर्धी म्हणत आणि थोरलीला पाऊण. पाऊण म्हणाली, "खडू अबोल होता. पण एकदा माझ्याकडे बघून हसला होता." बदाम तिचाच होता.

खडू उत्तर देत नव्हता, कारण बुजगावणं बोलत नाही. त्यामुळे तो सगळ्यांना आणखीच खरा वाटायला लागला. अबोल होताच तो पहिल्यापासून, असं भोंग्यानेही मान्य केलं.

बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन पुन्हा वाचला, आता चष्मा लावून.

"त्या मिशा खडूने काढल्या असं लिहिलंय इथे."

"हो."

"त्या तर तुम्ही काढल्या होत्यात. लग्नाच्या पहिल्या वर्षात तीनदा सांगितलंत मला."

"हो, पण आता..."

"आणि यात तुमचं नाव कुठेच नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

खरं तर पहिल्या दिवशी ते सगळं वाचून मास्तरांना हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते तेच पुन्हा वाचायला गेले, ते मात्र स्वतःला शोधायला. लोकांनी खाली लिहिलेल्या खडूच्या पन्नास आठवणींत एखाद्या ठिकाणी कोणी म्हणालं असेल, की अरे, खिडकीपाशी एक मुलगा बसायचा, तो कुठे असतो हल्ली? कोणी म्हटलं नव्हतं. वडिलांची नोकरी बदलीची. मास्तर त्या शाळेत तीन वर्षं होते. आले, मागच्या बाकावर खिडकीपाशी बसले आणि गेले. त्या वर्गात शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत प्रत्येकाला टोपणनाव होतं, यांना नव्हतं. टोपणनाव पडायला माणूस आधी दिसावा लागतो. ऑफिसात मास्तर म्हणतात ते खुर्चीला. उद्या दुसरा बसला की तो मास्तर. आयुष्यभर लोकांना शोधून काढणाऱ्या या माणसाला मनातून एवढंच हवं होतं, की त्या वर्गातल्या एकाने तरी आपल्याला ओळखावं.

एकदा त्यांनी खडूच्या खात्यावरून लिहिलंही होतं, "आणि खिडकीपाशी बसायचा तो मुलगा आठवतो का?" पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं. मग केकवाल्या बाई आठवल्या, तो नापास पोरगा आठवला, आणि त्यांनी सगळं पुसून टाकलं. नियम म्हणजे नियम.

पण खरी गंमत, म्हणजे दुसऱ्यांसाठी गंमत, पुढेच होती. वर्गात पोरांचे अहवाल आले.

"सर, खडू खरे आहेत," पहिल्या बाकावरचा म्हणाला.

"पुरावा?"

"साक्षीदार आहेत सर. एकमेकांपासून स्वतंत्र. एक बँक अधिकारी, एक दातांचे डॉक्टर. शिवाय एका बाईंकडे बघून ते हसले होते."

"ते बुजगावणं नसेल कशावरून?"

"सर, बुजगावण्याच्या प्रेमात कोण पडेल?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग हसला.

सगळ्यांनी 'खरा' लिहिलं होतं. फक्त एका मुलीने लिहिलं नव्हतं. तिला वर्गात सगळे शंका म्हणत, कारण तिला प्रत्येक गोष्टीत ती असे. तिचा अहवाल दोन ओळींचा होता: आठवणी खऱ्या आहेत, माणूस खोटा आहे. आठवणी ज्याच्या आहेत तो वेगळा कोणीतरी आहे आणि त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. ते वाचताना मास्तरांना उगाच खोकला आला.

"सर, तुम्ही कुठल्या शाळेत होता?" शंकाने विचारलं.

"माझी परीक्षा नाहीये," मास्तर म्हणाले आणि फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

अहवाल साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस, पण घाबरट. त्यांनी मास्तरांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मास्तर, तुमचं बुजगावणं गावभर हिंडतंय. सरावात खऱ्या माणसांना धक्का लागता कामा नये, हे कोणी लिहिलंय आपल्या पुस्तकात?"

"मीच."

"मग? कोणी तक्रार केली तर तुमचं प्रशिक्षण बंद आणि माझी बदली. आजच्या आज पुसून टाका त्याला. मागमूस राहता कामा नये. आणि निकाल लागेपर्यंत कुणाला एक अक्षर सांगायचं नाही."

मास्तरांनी टेबलावर बसून खडूचं खातं पुसलं. एक कळ दाबायला किती वेळ लागतो? पण त्याआधी त्यांनी सगळ्या आठवणी एकदा वरून खालपर्यंत वाचल्या. आपल्याच हाताने आपली शाळा दुसऱ्यांदा सोडल्यासारखं त्यांना वाटलं. पहिल्या वेळीही कोणी निरोपाला आलं नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. कारण इकडे खातं गेलं आणि तिकडे वर्गाच्या गटावर हाहाकार झाला.

मॉनिटरने लिहिलं, "खडूचं खातं नाहीसं झालंय. वाढदिवसाला एवढ्या शुभेच्छा गेल्या, त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. याचा अर्थ काय तो ज्याचा त्याने समजावा."

"समजलो," डब्याने लिहिलं.

"कशाने गेला?" अर्धीने विचारलं.

"झोपेत गेला असं ऐकतो," भोंगा म्हणाला. कोणाकडून ऐकलं ते कोणी विचारलं नाही. दुपारपर्यंत भोंग्याच्या मेहुण्याचा शेजारी खडूला शेवटचा निरोपही देऊन आला होता. संध्याकाळी मॉनिटरने सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावली: येत्या रविवारी शाळेच्या सभागृहात आपल्या लाडक्या खडूसाठी शोकसभा, सर्वांनी वेळेवर यावे.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात शिरले तर सगळी तुकडी खाली मान घालून उभी.

"सर, खडू गेले," पहिल्या बाकावरचा जड आवाजात म्हणाला. "आम्ही ठरवलंय, आधी दोन मिनिटं शांत उभं राहायचं."

आता काय करणार? निकाल लागेपर्यंत बोलायची बंदी. मास्तर आपल्याच बुजगावण्यासाठी दोन मिनिटं हात बांधून उभे राहिले. एका पोराने डोळे पुसले. शंका मात्र उघड्या डोळ्यांनी सरळ मास्तरांकडे बघत होती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती आधी पोट धरधरून हसली, मग तिने डोळे पुसले.

"तुम्हाला जायला हवं."

"मी कोण म्हणून जाऊ? मला कोणी ओळखत नाही तिथे."

"माणूस तुमचा गेलाय. आणि बाकीचे कुणासाठी रडताहेत तेच त्यांना माहीत नाही. म्हातारी माणसं आहेत, त्यांना असं रडवत ठेवणार का तुम्ही? जा आणि खरं काय ते सांगा. हवं तर मी येते."

साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "निस्तरा एकदाचं. ऑफिसचं नाव मात्र घेऊ नका. मी या भानगडीत नाही."

रविवारी दोघं बसने गेली. शाळा आता तिमजली झाली होती. पत्र्याचं छप्पर नव्हतं, लाथेचा नळही नव्हता. तिथे थंड पाण्याचं यंत्र होतं आणि ते मुकाट्याने पाणी देत होतं. समोरच्या दुकानांच्या रांगेत पूर्वी एक घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा, तिथे आता फोनची कव्हरं लटकत होती. मास्तर फाटकात थांबले. या फाटकातून ते शेवटचे बाहेर पडले तेव्हा सामानाचा ट्रक उभा होता आणि वडील घाई करत होते.

"चला," बायको म्हणाली, "तुमच्या शोकसभेला उशीर होतोय."

सभागृहात चाळीसेक पांढरी डोकी होती. शेवटच्या रांगेत एक काळं डोकंही होतं, शंकाचं. सूचना सगळ्यांना दिसेल अशी लावली होती, तेव्हा ती उघड्यावरची माहिती होती. मास्तरांनी तिच्याकडे रागाने बघितलं, तिने नम्रपणे मान लववली.

पुढे टेबलावर फुलं होती आणि फुलांच्या मागे चौकटीत एक फोटो. मास्तर जवळ गेले आणि वाकून बघू लागले. जुन्या आठवीच्या वर्गाचा फोटो मोठा करून त्यातलं एक डोकं कापून काढलं होतं. मागच्या ओळीतलं, टोकाचं. नेमका फोटो निघताना ते डोकं हललं होतं, त्यामुळे नाक, डोळे, कान सगळं वाहून गेलं होतं. ते डोकं त्यांचंच होतं. त्यांना तो दिवस आठवत होता, कारण त्याच वेळी त्यांच्या मानेवर माशी बसली होती.

"आपण खडूचे कोण?" मॉनिटरने अदबीने विचारलं. अजून ताठ, अजून खिशाला पेन.

"हा फोटो खडूचा कशावरून?" मास्तरांच्या तोंडून आधी धंद्याचाच प्रश्न निघाला.

"सोपं आहे. फोटोतला एकेक जण आम्ही ओळखला. हा एकच उरला, ज्याला कोणीच ओळखेना. आणि नावांत एकच उरलं, खडू. मग दोन्हींची गाठ घातली."

पद्धत चुकीची आहे असं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण सभा सुरू झाली होती. डबा बोलायला उठला. शाळेतल्या आठवणी सांगता सांगता तो मिशांवर आला, आणि कसा खडूने एवढा मोठा पराक्रम करून कधी मोठेपणा मिरवला नाही, हे सांगताना त्याने दोनदा नाक पुसलं. भोंगा बोलला ते बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं. पाऊण नुसती उभी राहिली आणि खाली बसली. स्वतःबद्दलचे एवढे चांगले शब्द मास्तरांनी उभ्या जन्मात ऐकले नव्हते, आणि ते दुसऱ्याच्या नावावर जात होते. त्यांना राहवेना. ते उठले.

"माफ करा," ते म्हणाले, "खडू गेलेला नाही. खडू नव्हताच. तो मी तयार केला होता, माझ्या कामासाठी. त्या आठवणी माझ्या आहेत. तुमच्या मनाला उगाच त्रास झाला, त्याबद्दल मी हात जोडतो."

चाळीसेक माना एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"काहीतरीच काय बोलताय?" डबा म्हणाला. "मी त्याला खडू खाताना पाहिलंय."

"नव्हता कसा?" भोंगा गरजला. "माझ्या मेहुण्याचा शेजारी त्याला पोचवून आला."

"त्याचा फोटो आहे समोर," मॉनिटर म्हणाला.

"तो फोटो माझा आहे."

"पुरावा?"

मास्तर चौकटीकडे वळले. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांच्यासमोर उभा होता आणि हातात काही नव्हतं. त्या वाहून गेलेल्या चेहऱ्यावरून कोणाच्या बापाला काय ओळखू येणार? कानाची ठेवण बघावी तर कान नाही. मागच्या रांगेतली शंकासुद्धा चौकटीकडे बघून मान हलवत होती.

"आहे की पुरावा," बायको उठून म्हणाली आणि तिने पर्समधून आपला फोन काढला. "हा आमच्या लग्नाचा फोटो."

फोन हातोहात फिरला. फोटोत नवरी अगदी ठसठशीत, पापण्यांचे केस मोजता यावेत इतकी. तिच्या शेजारी एक कोट होता आणि कोटाच्या वर थोडं धुकं.

"हा मुलीच्या बारशाचा. हा साठीचा," ती पुढे सरकवत गेली. सगळीकडे तेच धुकं. "चाळीस वर्षं झाली, या माणसाचा एक फोटो धड आलेला नाही. कोणी म्हणालं की हसा, की हे हललेच."

मॉनिटरने फोन घेतला, चौकटीशेजारी धरला, पुन्हा फोन बघितला. मग मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हणजे फोटोत तू आहेस." 'आपण'चा 'तू' कधी झाला ते त्याला कळलं नाही, मास्तरांना मात्र कळलं.

"मी आहे."

"थांबा," अर्धी एकदम म्हणाली. ती आता गणिताची निवृत्त शिक्षिका होती, पण शाळेत तिला गणित मुळीच यायचं नाही. "खिडकीपाशी कोणीतरी होतं. समोरच्या दुकानातलं घड्याळ तिथूनच दिसायचं. गणिताच्या तासाला मला रडू फुटायचं तेव्हा मागून कोणीतरी हळू आवाजात सांगायचं, 'दहाच मिनिटं राहिली.' मग, 'पाच राहिली.' रोज सांगायचं. मी मागे वळून कधी बघितलं नाही, बाई ओरडतील म्हणून. तो तू होतास?"

हे मास्तरांनी खडूच्या खात्यावर लिहिलं नव्हतं. हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात राहिलं नव्हतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी मुसमुसायची आणि तिला बरं वाटावं म्हणून आपण घड्याळ सांगायचो, हे आता त्यांना लख्ख आठवलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि रुमाल शोधू लागले. रुमाल बायकोने दिला.

"मी त्या आवाजावर आठवी पास झालेय," अर्धी म्हणाली. "तुला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही रे मी."

मग डबा पुढे आला.

"ते सगळं खरं असेल," तो हट्टाने म्हणाला. "पण खडू होता. खडू नव्हता असं म्हणू नकोस. तू त्याच्या शेजारी बसायचास, एवढंच."

"मग तो फोटोत का नाही?"

"त्या दिवशी आला नसेल. त्याचं काही खरं नसायचं."

मास्तरांनी रुमालाची घडी घातली. मॉनिटर काहीतरी विचार करत होता. हजेरीत चुकलेलं नाव भरायचं राहिलं होतं.

"याला आपण काय म्हणायचो?" त्याने सभेला विचारलं.

कोणाला आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच.

"खडूच्या शेजारी काय असतं?" डबा म्हणाला. "डस्टर. डस्टरच म्हणायचो आपण याला. नक्की आठवतंय मला."

"हो हो, डस्टर," भोंगा गरजला, आणि मग काय, सगळ्यांनाच आठवलं. डस्टर अबोल होता. डस्टर चित्रं छान काढायचा. टेबलावरची फुलं कोणीतरी डस्टरच्या हातात दिली, कारण आता ती दुसऱ्या कुणाला द्यायची? पाऊणने खात्री करून घेण्यासाठी विचारलं, की एकदा तिच्याकडे बघून हसला होता तो खडू की डस्टर, आणि बायकोने मध्ये पडून तो विषय तिथेच संपवला.

शंका गर्दीतून वाट काढत मास्तरांपर्यंत पोचली.

"सर, माझा निकाल?"

"पास. एकटी तूच." मास्तरांनी नाक पुसलं. "काखेत कळसा होता आणि बाकीचे गावाला वळसा घालत होते. साक्षीदार कितीही असले तरी आधी ताडून बघायचं. सांगीवांगीवर विश्वास ठेवायचा नाही. हे लिहून ठेव."

एवढ्यात भोंग्याने मागून त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"डस्टर, लेका, आठवतं का, आपण दोघं एका सायकलवरून उतारावरून पडलो होतो? माझा दात गेला आणि तुझा गुडघा फुटला होता."

मास्तरांना सायकल कधीच आली नव्हती. घरात ती नव्हतीच, आणि बदलीच्या गावात कोणी शिकवलीही नाही. त्यांनी भोंग्याकडे बघितलं. त्याचा म्हातारा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"न आठवायला काय झालं," मास्तर म्हणाले. "उजवा गुडघा."

"सर," शंका हळूच म्हणाली, "याला दुसरा पुरावा?"

मास्तर खुर्चीवर बसले आणि सगळ्या वर्गादेखत त्यांनी उजवी पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली. तिथे चांगला लांबलचक व्रण होता. सगळे वाकून बघायला लागले. आणि हा गुडघा मागच्याच वर्षी बाथरूममध्ये घसरून फुटताना जिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, ती बायको शंकाकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "थंडीत अजून दुखतो त्यांना."